घंटेचा दोर आणि आकाशातील ठिणगी

वादळ जवळ आले की चर्चची घंटा वाजवावयाची, अशी युरोपातील कॅथलिक गावांत शतकानुशतकांची रीत होती. आशीर्वादित घंटेच्या नादाने वीज पांगते, ही लोकांची धारणा. म्युनिक येथे १७८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात या रीतीचा हिशेब मांडलेला आहे: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज कोसळली आणि १०३ घंटावादक प्राणास मुकले.

हे मृत्यू अज्ञानामुळे घडले असे म्हणावे, तर ज्ञान तेव्हा उपलब्ध होते. घासलेला तृणमणी काडी ओढतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. आपल्या भाषेने तर ते त्याच्या नावातच नोंदविले आहे. ही शक्ती वाहते कशी, हे मात्र स्टीफन ग्रे याने १७२९ साली इंग्लंडमध्ये दाखविले. हा मूळचा कापड रंगविणारा. त्याने लांबलचक सुतळी रेशमी दोऱ्यांवर आडवी टांगली व तिच्या एका टोकाशी घासलेली काचेची नळी धरली. ऐंशी फुटांवरील दुसऱ्या टोकाला बांधलेल्या हस्तिदंती गोळीने पितळी वर्ख ओढून घेतला! पुढे रेशीम तुटले म्हणून बारीक पितळी तार लावली, तर प्रभार तारेवाटे निसटून गेला. म्हणजे प्रश्न जाडीचा नव्हे, पदार्थाचा. रेशीम प्रभार अडविते. धातू आणि दमट सुतळी त्याला वाट देतात. घर्षणाने इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात, हे आज आपण शाळेत शिकतो. कोरड्या हिवाळ्यात तडतडणारा नायलॉनचा सदरा पावसाळ्यात गप्प का, याचेही उत्तर तेच: हवेतील ओलाव्याने प्रभार साचण्यापूर्वीच ओसरतो.

आकाशातील वीज हीच ठिणगी होय, हे फ्रँक्लिनने सुचविलेल्या प्रयोगाने सिद्ध झाले. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळील मार्ली गावी सुमारे चाळीस फुटी लोखंडी दांडा काचेच्या बाटल्यांवर आधारलेल्या पाटावर उभा होता. ढग गडगडताच राखणदार क्वाफिए याने ठिणगी काढली आणि धर्मगुरू रौले यांना बोलावणे धाडले. गारांच्या माऱ्यात फादर धावत निघालेले पाहून गावकऱ्यांना वाटले, क्वाफिए मेला; त्याला अंतिम संस्कार देण्यास ते निघाले आहेत! (आम्हां धर्मगुरूंच्या धावण्याचा अर्थ आजही लोक असाच लावतात.) रौले यांनी स्वतः ठिणग्या काढल्या, हाताला झटका बसून वळही उठला.

आता घंटाघराकडे पाहू. उंच मनोरा, शिखरावर धातूचा क्रूस, खाली पितळेसारख्या मिश्रधातूची घंटा, तिला पावसाने भिजलेला दोर आणि तो हातात धरून जमिनीवर उभा असलेला माणूस. ग्रेच्या सुतळीचीच ही मांडणी, फक्त गोळीच्या जागी माणूस. म्युनिकच्या हिशेबातील जवळजवळ सारे मृत्यू मार्लीनंतरचे आहेत.

व्हेनिसमधील संत मार्कच्या मनोऱ्यावर वारंवार वीज पडे. १७७६ साली तेथे तडितरक्षक बसविला गेला, तो पादुआचे प्राध्यापक व धर्मगुरू जुझेप्पे तोआल्दो यांच्या देखरेखीखाली. शिखरापासून निघालेला धातूचा वाहक थेट जमिनीत उतरविला होता.