कमिशन म्हणजे काय?

इंग्रजांचे राज्य गेले, पण त्या राज्याबरोबर आलेले काही शब्द असे मुक्कामाला राहिले, की त्यांना परके म्हणावयाचा धीर होऊ नये. ‘कमिशन’ हा त्यांपैकीच एक. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तो ऐकू येतो, बेळगावच्या लष्करी छावणीत ऐकू येतो, आणि सीमाभागात चार माणसे कट्ट्यावर बसली, की राजकारणाच्या बोलण्यात तर तो हटकून येतोच. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ मात्र निराळा.

हा शब्द मूळचा लॅटिन. ज्या क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ ‘सोपविणे’. काम सोपविले, की ते करण्याचा अधिकार आला, अधिकार सांगणारा कागद आला, काम पाहणारे मंडळ आले आणि कामाचा मोबदलाही आला. इंग्रजीने या साऱ्यांना एकच नाव दिले. आपल्या पूर्वजांचा व्यवहार अधिक चोख. त्यांनी मोबदल्याला अडत, दलाली, दस्तुरी असे शब्द ठेवले आणि अधिकारपत्राला सनद म्हटले. मंडळासाठी ‘आयोग’ हा शब्द रुळला तो बराच उशिरा. 1882 साली महात्मा फुल्यांनी शिक्षणाविषयी निवेदन सादर केले ते हंटर कमिशनपुढे, आणि 1928 साली लोकांनी काळी निशाणे दाखविली तीही सायमन कमिशनलाच.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. शेतकऱ्याने माल पेठेत आणावा, मध्यस्थाने तो विकून द्यावा आणि हाती पट्टी ठेवावी, ही बाजाराची जुनी रीत. पट्टीत अडत, हमाली, तोलाई वजा होऊन जे उरेल ते शेतकऱ्याचे. ‘दलाली’ हा शब्द अरबी मुळाचा. तो मराठीत आहे तसा थोड्या फरकाने कानडीतही आहे. दोन भाषांचा तंटा पट्टीपाशी येऊन मिटतो! पण पट्टीवरचा असंतोष काही मिटला नाही. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. रास्त भाव हे त्यांचे मागणे. त्या एप्रिलमध्ये तेथे गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले.

बेळगावच्या छावणीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथे ‘कमिशन मिळाले’ म्हणजे अधिकारी झाला, एवढाच अर्थ. इंग्रजी अमदानीत त्यातही दोन प्रती होत्या. जमादार, सुभेदार यांना व्हाइसरॉयचे कमिशन आणि गोऱ्या अधिकाऱ्याला राजाचे. वीस वर्षे पलटणीत घालविलेल्या सुभेदाराचा दर्जाही कालपरवा आलेल्या लेफ्टनंटाच्या खालचाच! राजाच्या कमिशनाचे दार हिंदी माणसाला किलकिले झाले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास.

बेळगावने कमिशनर पाहिले तेही बहुत वर्षे. मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचे ठाणे येथेच होते. असो.

सीमाभागातील घराघरांत हा शब्द शिरला तो मात्र राज्य पुनर्रचनेच्या वेळी. डिसेंबर 1953 मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचे कमिशन नेमले गेले. 1955 साली अहवाल आला आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. खेडे हा घटक मानावा, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा पाहावी, ही महाराष्ट्राची मागणी त्यानंतरची. 1966 साली माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचे एकसदस्य कमिशन बसले. पुढल्या वर्षी त्यांनी 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे म्हैसूरला द्यावीत, अशी शिफारस केली. निपाणी महाराष्ट्राच्या वाट्याला होती. बेळगाव शहर नव्हते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने तोच अखेरचा शब्द मानला. कानडीत अहवालाला ‘वरदि’ म्हणतात. आपण पोलिसांत ‘वर्दी’ देतो, तिचेच हे भावंड दिसते. पण वर्दी दिल्याने निवाडा होत नाही. निपाणीकरांची गोष्ट मोठी विलक्षण. ज्या अहवालाने त्यांना महाराष्ट्रात घातले, तो महाराष्ट्रालाच मान्य नव्हता, आणि ज्या राज्याला तो मान्य होता, त्याच राज्यात ते राहिले.

राजकारणी मंडळी या फरकाचा घोळ घालतात. खेड्यातल्या कुळाला तो चांगला उमगतो. बांधाचा तंटा दिवाणी कोर्टात गेला, की कोर्ट कधी कधी कमिशनर पाठविते. तो शेतावर येतो, मोजणी करवितो, नकाशा काढतो आणि कागद कोर्टात दाखल करतो. जमीन कोणाची, हे तो सांगत नाही.

2004 साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. 2014 साली त्या दाव्यात साक्षीपुरावा नोंदविण्याकरिता न्यायालयाने एका निवृत्त न्यायमूर्तींची नेमणूक केली. त्यांचे पद होते कोर्ट कमिशनर.