केशप्रसाधनजन्य केशहानी

केस धुण्याच्या, त्यांना लावण्याच्या, ते रंगविण्याच्या किंवा सरळ करण्याच्या पदार्थांमुळे, तसेच या प्रसाधनाबरोबर येणाऱ्या उष्णतेमुळे व ताणामुळे डोक्यावरील केस कमी होणे, यास केशप्रसाधनजन्य केशहानी म्हणतात. ही एकच व्याधी नसून तीत तीन वेगळ्या घटना मोडतात : केसाचा दांडा मधेच तुटणे, मूळ शाबूत राहून केस अकाली गळणे आणि मूळच नष्ट होऊन त्या जागी पुन्हा केस न उगवणे. प्रसाधनांमुळे केस जातात काय, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणती घटना अभिप्रेत आहे यावर अवलंबून असते. पहिली घटना नेहमीची आहे, दुसरी क्वचित घडते, तिसरी बहुतांशी ताणामुळे किंवा रासायनिक भाजण्यामुळे होते.

रचना व वाढीचे चक्र : केसाचा त्वचेबाहेर दिसणारा भाग, म्हणजे केशदंड, केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा बनलेला असतो, जिवंत भाग त्वचेत काही मिलिमीटर खोल असलेल्या केशपुटकात (केस निर्माण करणाऱ्या पिशवीसारख्या रचनेत) असतो. प्रौढ माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केशपुटके असून त्यांतील ८५ ते ९० टक्के कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था २ ते ६ वर्षे टिकते. तिच्यामागून दोन-तीन आठवड्यांची संक्रमणावस्था व सुमारे ३ महिन्यांची विश्रांतावस्था येते, तिच्या अखेरीस जुना केस गळतो आणि त्याच पुटकातून नवा उगवतो. दररोज ५० ते १०० केस गळणे हे या चक्राचेच अंग आहे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या व्यक्तीच्या हाती न्हाताना केसांचा पुंजका येतो, तो बहुधा आधीच सुटलेल्या व एकमेकांत अडकून राहिलेल्या केसांचा असतो. शाम्पूने ते उपटलेले नसतात. हे ठाऊक नसल्याने भीतीपोटी केस धुणे टाळले जाते आणि त्याने टाळूवरील तेलकटपणा व कोंडा मात्र वाढतो.

केशदंडाची हानी : केराटिनाच्या साखळ्यांना जोडणारे गंधकाचे बंध तोडल्याशिवाय केसाचा आकार कायमचा बदलता येत नाही. केस सरळ करण्याच्या तीव्र लेपांत सोडियम हायड्रॉक्साइड असते व त्यांचा पीएच १२ ते १४ इतका, म्हणजे तीव्र अल्कलीचा असतो. थायोग्लायकोलेटचे लेप त्यामानाने सौम्य असतात. रंग उडविणारे पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने केसातील मेलॅनिन नष्ट करतात, पण त्याच क्रियेत केराटिनाचीही झीज होते. अशा केसावर सूक्ष्मदर्शकाखाली गाठीसारखे फुगवटे दिसतात आणि त्या जागी तंतू दोन झाडू एकमेकांत खुपसल्याप्रमाणे पिंजारलेले असतात. असा केस विंचरताना तुटतो, त्याच्या टोकांना फाटे फुटतात, लांबी वाढेनाशी होते व केस विरळ भासतात. केशपुटक मात्र अबाधित असल्याने नुकसान नव्या वाढीने भरून निघते. केस दरमहा सुमारे १ सेंमी. वाढत असल्याने कमरेपर्यंतच्या केसांना त्यासाठी अनेक वर्षे लागतात.

लेप टाळूला लागून त्वचा खोलवर भाजली, तर केशपुटकही नष्ट होते. अमेरिकेत १९९४ मध्ये दूरचित्रवाणीवरून नैसर्गिक म्हणून विकल्या गेलेल्या रिओ या केस सरळ करण्याच्या संचाबाबत अन्न व औषध प्रशासनाने वापर थांबविण्याचा इशारा दिला. हा पदार्थ नेहमीच्या लेपांच्या उलट तीव्र आम्लधर्मी होता. केस तुटणे, गळणे व काहींच्या बाबतीत ते हिरवट होणे, अशा तक्रारी होत्या. त्यांपैकी ४६४ जणांच्या तक्रारींचे विश्लेषण २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

ताण : घट्ट बांधणीमुळे कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस जाण्याचा प्रकार १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील स्त्रियांत वर्णिला गेला. भारतात दाढी व डोक्यावरचे केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांत तो नोंदला आहे. दक्षिण आफ्रिकेत नॉन्हलान्हला खुमालो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत प्रौढ आफ्रिकी स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांत ही हानी आढळली, आणि रासायनिक लेपाने सरळ केलेल्या केसांच्या घट्ट वेण्या घातल्यास धोका अधिक, असेही दिसून आले. म्हणजे येथे प्रसाधन एकटे कारण नसले तरी ते ताणाला वाट करून देते. महाराष्ट्रातील घट्ट अंबाडा, जड गंगावन व लहान मुलींच्या ताणून घातलेल्या वेण्या या याच सदरात येतात. आरंभी ही हानी पूर्ण भरून निघते, वर्षानुवर्षे ताण चालू राहिल्यास पुटकांच्या जागी वण तयार होतो. हानीग्रस्त पट्ट्याच्या पुढे कपाळालगत बारीक केसांची झालर उरलेली असणे ही या प्रकाराची ओळख आहे.

तप्त फणीचा वाद : या विषयातील हे एक बोधप्रद प्रकरण आहे. १९६८ मध्ये लोप्रेस्टी, पापा व क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये टाळूच्या मध्यभागापासून बाहेर पसरणाऱ्या, वण उरणाऱ्या केशहानीचे वर्णन केले आणि तिला तप्त फणीजन्य केशहानी असे नाव दिले. केस सरळ करण्यासाठी धातूची फणी तापवून पेट्रोलियम जेली लावलेल्या केसांतून फिरविली जाते, वितळलेली जेली केसावरून ओघळत पुटकात शिरते व तेथे दाह निर्माण करते, अशी त्यांची उपपत्ती होती. ती इतकी सयुक्तिक वाटली की सुमारे पाव शतक तिची फारशी फेरतपासणी झाली नाही. १९९२ मध्ये स्पर्लिंग व साऊ यांनी ऊतींचे छेद तपासून असे दाखविले की फणीचा वापर व रोगाचा काळ यांचा मेळ बसत नाही आणि मूळ बिघाड केसाभोवतीचे आतले आवरण अकाली झडण्यात आहे. पुढे कारणाचा उल्लेख टाळून केवळ स्वरूप सांगणारे, ‘मध्यवर्ती अपसारी वणजन्य केशहानी’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले. २०१९ मध्ये या रोगाच्या तपासलेल्या ५८ रुग्णांपैकी १४ जणींत पीएडीआय३ या जनुकात बदल आढळले. हे जनुक केशदंडाच्या जडणघडणीत भाग घेणारे प्रथिन घडविते. उरलेल्या रुग्णांच्या बाबतीत केशरचना, लेप व आनुवंशिकता यांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. केस सरळ करण्याच्या पद्धतीवर ठेवलेला दोष इतकी वर्षे टिकला, आणि त्या काळात या स्त्रियांना आपल्या रोगासाठी स्वतःलाच जबाबदार धरले जाताना पाहावे लागले, ही गोष्ट कारणमीमांसा करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अ‍ॅलर्जी व त्यानंतरची गळती : कलपातील पॅराफेनिलिनडायअमीन हे ॲलर्जीचे प्रमुख कारण आहे. अतिसंवेदनशील व्यक्तीच्या टाळूला, कानांना व पापण्यांना सूज, खाज व लस येते आणि काही प्रसंगी दोन-तीन महिन्यांनी भरपूर केस गळतात. मोठ्या संख्येने पुटके एकाच वेळी विश्रांतावस्थेत गेल्यामुळे होणाऱ्या अशा गळतीला १९६१ मध्ये क्लिगमन यांनीच नाव दिले. तीव्र ताप, बाळंतपण व उपासमार ही तिची कितीतरी अधिक वारंवार आढळणारी कारणे आहेत. कारण आणि गळती यांतील या अंतरामुळेच रुग्णाचा संशय बहुधा कालपरवा बदललेल्या शाम्पूवर जातो व तीन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू विसरला जातो. उलट प्रकारही घडतो : केस वाढविण्यासाठी लावल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिलने आरंभीच्या काही आठवड्यांत गळती वाढते, कारण विश्रांतावस्थेतील केसांना नवे केस बाहेर ढकलतात, अनेक जण नेमके याच वेळी औषध सोडून देतात.

चाई : गोल चकत्यांच्या रूपाने केस जाणे, हा प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा रोग असून प्रसाधनांचा त्याच्याशी संबंध नाही.

तक्रारी व पुरावा : अमेरिकेत वेन या फेस न करणाऱ्या केसधुण्याच्या प्रसाधनाबाबत तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे २०१६ च्या मध्यापर्यंत १२७ तक्रारी आल्या होत्या, मात्र उत्पादक व विक्रेत्यांकडे आलेल्या तक्रारी २१,००० हून अधिक असल्याचे तपासणीत उघड झाले. प्रशासनाने जाहीर सूचना काढल्यावर त्याच्याकडील नोंदी नोव्हेंबर २०१६ पर्यंत १,३८६ वर गेल्या. प्रसिद्धीनंतर आकडा असा फुगतो, त्यामुळे तक्रारींच्या संख्येवरून प्रमाण काढता येत नाही. पण प्रसिद्धीपूर्वीच्या हजारो तक्रारी सरकारपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, ही बाब अधिक गंभीर आहे. या प्रसाधनाबाबतच्या दाव्यात २ कोटी ६२.५ लाख डॉलरची तडजोड झाली, परंतु कोणत्या घटकामुळे केस गळाले हे निश्चित झाले नाही. या व अशा अनुभवांनंतर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत संमत झालेल्या कायद्याने गंभीर दुष्परिणामांची माहिती सरकारला कळविणे उत्पादकांवर बंधनकारक केले. फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या परिरक्षकांबाबतही दावे झाले आहेत. हे पदार्थ त्वचेची अ‍ॅलर्जी करू शकतात हे मान्य आहे. त्यांमुळे केस गळतात हे विधान मात्र वादग्रस्त आहे.

कपाळाची केसरेषा मागे सरकविणारा व वण उरणारा एक रोग १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात कोसार्ड यांनी प्रथम वर्णिला. त्याचा संबंध चेहऱ्याला लावायच्या सूर्यरक्षक मलमांशी असावा, असे २०१६ मधील एका ब्रिटिश प्रश्नावलीवरून सुचविले गेले. सहसंबंधावरून कार्यकारणभाव ठरत नाही, हा आक्षेप त्यावर घेण्यात आला असून प्रश्न अनिर्णीत आहे.

थॅलियम : शरीरात शोषले जाऊन सर्व डोक्याचे केस घालविणाऱ्या प्रसाधनाचे निर्विवाद उदाहरण म्हणजे १९३० च्या सुमारास अमेरिकेत विकले गेलेले कोरेम्लू हे अनावश्यक केस काढण्याचे मलम होय. त्यात थॅलियम अ‍ॅसिटेट होते. वापरणाऱ्या स्त्रियांना टक्कल पडले व मज्जातंतूंनाही इजा झाली.

बुलढाणा, २०२४-२५ : डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लहानथोरांचे केस काही दिवसांत मुळासकट हातात येऊ लागले. प्रथम शाम्पू, बुरशी व विहिरींचे क्षारयुक्त पाणी यांवर संशय व्यक्त झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे नमुने घेतले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे व त्याचा उगम स्वस्त धान्य दुकानांतील गव्हात असल्याचे मांडले. काही काळाने अनेकांची नखेही सैल होऊन पडू लागली. सेलेनियमच्या विषबाधेत केस व नखे दोन्ही जातात हे आधीपासून ज्ञात असल्याने नखांचे हे लक्षण निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. एकाच गावातील अनेक कुटुंबांतील सर्व वयांच्या व्यक्तींना एकाच वेळी त्रास होतो, तेव्हा अन्न, पाणी किंवा धूळ यांसारखे सामाईक कारण आधी शोधले पाहिजे. कोंड्यावरील शाम्पूत सेलेनियम सल्फाइड असते, पण ते फारच कमी शोषले जाते व त्याचा अशा विषबाधेशी संबंध नाही.

तेले व पारंपरिक द्रव्ये : खोबरेल केशदंडात शिरते आणि धुण्यापूर्वी व नंतर लावल्यास प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये दाखविले, खनिज व सूर्यफूल तेलात हा गुण आढळला नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा असला तरी त्याचा निष्कर्ष केशदंडापुरता मर्यादित आहे, त्यावरून तेलाने नवे केस उगवतात असे सिद्ध होत नाही. शिकेकाई व रिठा यांविषयी या दृष्टीने नियंत्रित अभ्यास फार थोडे आहेत.

कायदा : भारतात प्रसाधने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांखाली येतात. पॅराफेनिलिनडायअमीन असलेल्या कलपाच्या वेष्टनावर, त्वचेला त्रास होण्याचा संभव असल्याने आधी थोड्या जागेवर चाचणी करावी आणि भुवया व पापण्यांना तो लावू नये, अशी सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही देणे आवश्यक असते.

निदान व उपचार : केस तुटला की मुळासकट गळला हे प्रथम पाहावे लागते, गळलेल्या केसाच्या टोकाला विश्रांतावस्थेतील पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. टाळूची लाली, खपल्या व पुटकांची तोंडे बुजली आहेत काय, हे भिंगातून तपासतात आणि वणाची शंका असल्यास त्वचेचा लहान तुकडा काढून छेद पाहतात. कलपाची अ‍ॅलर्जी पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या लावून ठरवितात. केशदंडाची हानी असल्यास कारक प्रसाधन व उष्णता बंद करून खराब भाग कापतात, ताणाच्या प्रकारात बांधणी सैल करतात. वण पडलेल्या जागी औषधाने केस परत येत नाहीत, दाह पूर्ण शमल्यावर निवडक रुग्णांत केशरोपण करता येते.