सरमिसळीचं कुळ

सालवड हे बोईसरजवळचं, तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटलेलं गाव. या वसाहतीत रंग आणि डाय इंटरमिजिएट्स, म्हणजे रंगांचा कच्चा माल, बनवणारे कारखाने आहेत. कापडाच्या रंगाचं आणि डोक्याला लावायच्या कलपाचं घराणं एकच, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आता अनेक बायका आणि पुरुषही संपूर्ण काळा कलप सोडून पांढऱ्याला थोडी जागा देऊ लागले आहेत. पार्लरमध्ये याला ‘ग्रे ब्लेंडिंग’ म्हणतात. ही नवी टूम वाटते, पण तिची मुळं दोन वेगवेगळ्या घरांत आहेत.

पहिलं घर आपलंच. आयुर्वेदात केस पिकण्याला पालित्य म्हणतात आणि त्यावर माका, आवळा, हिरडा, लोहचूर्ण यांचे लेप सांगितले आहेत. आवळ्याची पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजवली की काळी पडते, कारण तिच्यातलं टॅनिन लोहाशी संयोग पावतं. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई होते तीही याच क्रियेने. मेंदीचं काम निराळं. तिच्यातलं लॉसोन हे द्रव्य केसांतल्या केराटिनला चिकटतं, पण केसाचा मूळ काळेपणा काढत नाही. त्यामुळे पांढरा केस तांबूस होतो आणि काळा केस काळाच राहून त्यावर जेमतेम लालसर झाक येते. एकाच डोक्यावर दोन-तीन छटा नांदतात. मिसळलेल्या रंगाची कल्पना आपल्याकडे अशी फार पूर्वीपासून होती.

दुसरं घर डांबराचं. 1856 मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग काढण्याचा उद्योग तिथून सुरू झाला. पर्किनचे गुरू हॉफमन यांनी 1863 मध्ये पॅरा-फिनिलीनडायमीन, म्हणजे पीपीडी, या पदार्थाचा रंगवण्याचा गुण नोंदवला. 1883 मध्ये फ्रान्समधल्या मोने कंपनीने केसांसाठी त्याचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये पॅरिसच्या यूजीन श्यूलर यांनी आपला केशरंग तयार केला. पुढे त्यांचीच कंपनी लॉरियाल झाली. युक्ती अशी: पीपीडीचे बारीक, बिनरंगी रेणू अमोनियाने फुगलेल्या केसात शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आत एकमेकांना जोडले जातात आणि मोठे, रंगीत होऊन अडकून बसतात. म्हणून तो रंग धुऊन जात नाही.

मुंबईच्या वास्मोल आणि गोदरेज यांनी हे रसायन आपल्याकडे घरोघर नेलं. पुडी स्वस्त आणि रंग गडद, त्यामुळे कलप म्हणजे काळाच हे समीकरण पक्कं झालं. पण निसर्गात कुठलंही डोकं एकाच छटेचं नसतं. कलप प्रत्येक केस सारखाच काळा करतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि सहा आठवड्यांत भांगात दीड सेंटिमीटरची पांढरी रेघ उभी राहते. माणूस त्या रेघेचा बांधील होतो. 2020 च्या टाळेबंदीत पार्लर बंद पडली तेव्हा कित्येकांना आपलं पांढरं नेमकं कुठे आणि किती आहे, हे अनेक वर्षांनी पहिल्यांदा दिसलं.

ही रेघ पुसण्याचं तंत्र भलत्याच कामासाठी जन्मलं होतं. भोकांच्या रबरी टोपीतून आकड्याने बटा ओढायच्या आणि तेवढ्याच उजळायच्या. मग टोपीच्या जागी फॉइल आली आणि 1970 च्या दशकात पॅरिसच्या सलूनमध्ये ब्रशने मोकळ्या हाताने रंग फिरवणं रुळलं. हेतू होता उन्हाने उजळल्यासारखे केस दिसण्याचा. तीच बारीक बटांची विद्या पुढे पांढऱ्या केसांच्या उपयोगी पडली: काही बटा उजळ, काही गडद, आणि मधून नैसर्गिक रुपेरी केस.

काळ्या कलपावरून ब्लेंडिंगकडे येताना एक नियम ध्यानात ठेवायला हवा. रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत, त्यासाठी ब्लीचच लागतं. काळा केस आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा होतो, आणि त्या पिवळेपणावर जांभळट टोनर द्यावा लागतो. वर्षानुवर्षं कलप लावलेल्या केसांवर हे एका बैठकीत करणं म्हणजे केस जाळणं. काळ्या मेंदीच्या काही पुड्यांत पीपीडी असतं, काहींत धातूंचे क्षार. क्षारांवर ब्लीच पडलं तर केस तापून तुटू शकतात. म्हणून आपण काय वापरत होतो ते पार्लरमध्ये खरं सांगावं आणि आधी एका बटेवर चाचणी करून घ्यावी. ब्लीच नको असेल तर कायमचा कलप थांबवून, धुण्याधुण्याने उतरणारा सौम्य रंग लावत केस वाढू द्यावेत. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-अडीच वर्षं लागतात, आखूड कापले तर काही महिने.

पीपीडीने काहींची टाळू खाजते, चेहरा सुजतो. म्हणूनच वेष्टणावर आधी त्वचेवर चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणं आपल्या कायद्याने सक्तीचं केलं आहे. असा त्रास झालेल्याने कलप तिथेच थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. टोनरमध्येही याच कुळातली द्रव्यं असू शकतात, तेव्हा असा त्रास झालेल्यासाठी केस नुसते वाढू देणं हाच खात्रीचा मार्ग. बाकीच्यांना निवड आहे. पांढरं किती झाकायचं आणि किती ठेवायचं हे पुडीने ठरवू नये, ज्याचं डोकं त्याने ठरवावं. ब्लेंडिंगची खरी किंमत मला त्यात वाटते.