निजामशाही घराण्याची एक प्रार्थना व पारनेरकडील जुनीं दप्तरें

मुसलमान कुटुंबाची घरांतील नमाज हा विषय इतिहाससंशोधकांच्या नजरेंतून बहुधा सुटतो. मशिदीवर शिलालेख असतो, काजीच्या वतनाची सनद असते. परंतु दिवस मावळतां सतरंजी अंथरून बापानें पुढें उभें राहावें, मुलांनीं त्याच्या मागें सफ धरावी व बायकांनीं त्यांच्याहि मागें उभें राहावें, याचा कागद कोण करणार? तरी अशाच एका घरांतील प्रार्थनेनें आमच्या प्रांतांतील राज्याचा पंथ पालटल्याची हकीकत फिरिस्त्यानें लिहून ठेविली आहे.

हिजरी ९४४ (इ. स. १५३७) मध्यें बुऱ्हाण निजामशहाचा लाडका मुलगा अब्दुल कादर तापानें आसन्नमरण झाला. हकीमांचे उपाय हरले. शहानें हिंदु व मुसलमान दोघांसहि दानधर्म करून दुवा मागितली. तेव्हां इराणांतून आलेला विद्वान् शाह ताहिर यानें बारा इमामांच्या नांवें नवस करण्याचें सुचविलें. (हा गृहस्थ निजारी इस्माइली परंपरेंतील एका शाखेचा इमाम असून वरकरणी बारा इमामी म्हणून वावरत होता, असें आतां अभ्यासक मानितात.) त्या रात्रीं मुलाच्या पलंगावर डोकें टेकून बापाचा डोळा लागला, तों स्वप्नांत पैगंबर व बारा इमाम दिसले. जागा होऊन पाहतो तों मुलाच्या अंगावर पांघरूण आपोआप आलेलें व ताप उतरलेला. पुढें शहा, त्याचे मुलगे, त्यांची आई व जनानखान्यांतील मंडळी या सर्वांनीं शिया पंथ स्वीकारिला, आणि खुतब्यांतून पहिल्या तीन खलिफांचीं नांवें निघालीं.

पांघरुणाचा चमत्कार बाजूस ठेवूं. इराणच्या सफवी दरबाराशीं स्नेह जोडण्याचा हेतु यांत होता हेंहि नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु फिरिस्त्याचें बाळपण नगरांतच गेलें, १५८९ त तो विजापुरास गेला. त्यास हा मतबदल राजकारणाची मसलत म्हणून नव्हे, तर आजारी मुलाच्या उशाशीं बसलेल्या घराची गोष्ट म्हणून सांगावासा वाटला. त्याच्या हकीकतींत आधीं घर बदलतें, मग मिंबर बदलतें. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

मुल्ला पीर महंमद याच्या पुढारीपणाखालीं लोक खवळून उठले, तेंहि समजण्यासारखें आहे. खुतबा आठवड्यांतून एकदां कानीं पडतो. नमाज मात्र दिवसांतून पांच वेळां. हनफी माणूस हात बांधून उभा राहतो, शिया हात मोकळे सोडतो. शिया कपाळ मातीच्या टिकलीवर टेकितो, अजानींतहि त्याचे शब्द निराळे. एकाच सफेंत बाप एका रीतीनें व मुलगा दुसऱ्या रीतीनें उभा राहिल्यास भेद सर्वांस दिसणारच. बरें, एवढ्यावर भागलें नाहीं. १५८९ त जमालखानानें महदवी मत चालविलें. १५९१ त रोहिणखेडच्या लढाईंत तो पडल्यावर दुसऱ्या बुऱ्हाणनें पुन्हां शिया पंथ आणिला. चोपन्न वर्षांत तीन पालट! शाह ताहिरासाठीं उभारलेला बारा इमामांचा कोठला नगरांत अद्यापि उभा आहे व मोहरमांत तेथील सवारी निघते.

पारनेर या राजधानीपासून अवघें वीसेक मैलांवर. तेथील मुसलमान घरांनाहि हे पालट ऐकून आपली सफ कशी धरावयाची तें ठरवावें लागलें असलें पाहिजे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जुनीं बाडें चाळणारांनीं म्हणून ग्रंथारंभीं ईश्वर व पैगंबर यांच्या स्तुतीनंतर काय येतें तें आधीं पाहावें. चार यारांची स्तुति असेल तर लेखक सुन्नी. त्यांस वगळून केवळ अली व इमाम असतील तर बहुधा शिया. पुढें मराठेशाहींतील इनामपत्रांत दुवागोई म्हणजे राज्यासाठीं दुवा करीत राहण्याचें काम पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें लावून दिलेलें आढळतें, म्हणजे प्रार्थना हें येथें कुटुंबाचें वतनच होतें.

संग्राहकांस एक विनंती. कुराणाच्या किंवा दुवांच्या जुन्या प्रतीची बांधणी नवी करवितांना आरंभींचीं व शेवटचीं कोरीं पानें टाकूं नयेत. मुलांच्या जन्मतिथि, मृतांचीं नांवें, आजारांत म्हणावयाच्या दुवा अशीं टिपणें घरचीं माणसें त्यांवरच करीत. आणि त्यांपैकीं एखाद्या पानावर बारा नांवांची यादी निघाली, तर तिची नक्कल ताबडतोब करून ठेवावी.