चमचा कोणाच्या हातात?

लहान मुलांच्या डॉक्टरांकडे तासभर बसलात, तर एक वाक्य निदान चार वेळा कानावर येतं. "डॉक्टर, हा काही खातच नाही हो!" बोलणारी आई (किंवा सोबत आलेली आजी) अगदी रडवेली, आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो दीड-दोन वर्षांचा इसम खुर्च्यांखालून मजेत पळतोय. आपल्या घराण्यातही सध्या असे दोन नमुने आहेत, कोणाचे ते सांगत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच :-) फोनवर एकमेकींना उपाय सांगून झालेत. म्हणून मी जरा मागे जाऊन वाचलं, की ही तक्रार लोकांनी पूर्वी कशी हाताळली. त्यात एक गोष्ट अशी सापडली की लिहिल्यावाचून राहवेना.

आधी साधं गणित. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं, म्हणजे सहा किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढ अशी मंदावली की भूक मंदावणारच. त्यातच चालता यायला लागलेलं असतं, "नाही" हा शब्द नवा नवा सापडलेला असतो, आणि अनोळखी पदार्थाचा संशयही याच सुमाराला सुरू होतो. काल आवडीने खाल्लेला दुधी आज थुंकला जातो. आपल्या आज्यांनी याला 'दात येतायत' किंवा 'दृष्ट लागली' म्हटलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि पुन्हा मऊ भाताची वाटी घेऊन गॅलरीत गेल्या. चिऊचा घास, काऊचा घास. आपल्याकडे पंगतीत मोठ्या माणसालासुद्धा 'नको' म्हटल्यावर दोन जिलब्या जास्त वाढतात, तिथे दीड वर्षाच्या पोराच्या 'नको'ला कोण विचारतो!

आपल्याकडे आग्रह होता, तसं अमेरिकेत घड्याळ आलं. न्यूयॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये आया आणि दायांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटं पुस्तक काढलं. कोणत्या वयाला काय, किती आणि किती वाजता द्यायचं, सगळं ठरलेलं. पुस्तक इतकं चाललं की एका अख्ख्या पिढीच्या आयांनी ते वापरलं. त्या काळी दूषित दुधाने मुलं पटापट मरत होती, त्यामुळे या काटेकोरपणाला अर्थ होता हे विसरून चालणार नाही. पण पुढे विसाव्या शतकात डॉक्टर आईच्या हातात आहाराचा तक्ता द्यायला लागले, आणि घरोघरी तक्ता विरुद्ध मूल अशी लढाई जुंपली. खाऊन-पिऊन सुखी घरांतली मुलं जेवायला नकार देतात, ही तक्रार दवाखान्यांत नेहमीची झाली.

इथे येतात डॉ. क्लारा डेव्हिस. त्यांनी १९२६ मध्ये एक विलक्षण प्रयोग सुरू केला, पुढे तो शिकागोत चालू राहिला. नुकतंच दूध सोडवलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं, जी दुसरं काही चाखलेलीच नाहीत. एकूण पंधरा. त्यांच्यापुढे काय मांडायचं हे डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, पण काय आणि किती खायचं हे बाळाने!

यादीत सुमारे चौतीस पदार्थ. दूध, आंबवलेलं दूध, अंडी, गोमांस, कोंबडी, मासे, कलेजी, भेजा, नळीतला मगज, गाजर, बीट, पालक, कोबी, बटाटा, वाटाणे, सफरचंद, केळं, संत्र्याचा रस, गहू, मका, ओट, आणि वेगळ्या वाटीत मीठ. सगळे एकदम नाही, प्रत्येक जेवणाला यातले थोडे. काही पदार्थ कच्चे, काही उकडलेले, पण प्रत्येक वेगळ्या भांड्यात आणि एकातही मीठमसाला नाही. साखर तर यादीतच नव्हती.

नर्स चमचा घेऊन शेजारी बसायची, आणि तिला सक्त ताकीद होती. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात किंवा बोट केलं तरच त्यातला चमचा भरायचा, आणि तोंड उघडलं तरच आत घालायचा. 'छान' नाही, 'अरेरे' नाही. बोटांनी खाल्लं तरी टोकायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांत बाळ ठामपणे थांबलं की ट्रे उचलायचा. उरलेलं, सांडलेलं सगळं वजन करून लिहायचं. (त्या नर्सच्या जागी आपल्यापैकी कोणालाही बसवून बघा. मीठमोहऱ्यांची आठवण होईल.)

सुरुवातीला बाळांनी सगळंच चाखलं, अगदी रिकामा चमचा आणि ट्रेची कडसुद्धा. मग एकेकाच्या आवडी ठरत गेल्या, आणि पंधरा बाळांचे पंधरा तऱ्हांचे आहार झाले. एकाचा नाश्ता म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास संत्र्याचा रस आणि कलेजी! एकाचं रात्रीचं जेवण म्हणजे अनेक अंडी, केळी आणि दूध. लाटाही यायच्या, काही दिवस नुसती अंडीच अंडी, मग ती लाट ओसरायची. मिठाची गंमत तर औरच. बाळं ते तोंडात घालून ठसकायची, कधी रडायची, आणि पुन्हा तिकडेच हात करायची. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉडलिव्हर ऑइलही ठेवलं होतं. हाडं बरी होईपर्यंत ते त्याने कमीजास्त घेतलं, नंतर सोडून दिलं. छत्तीस हजारांहून अधिक जेवणांची नोंद झाली. आली तेव्हा काही बाळं कमी वजनाची होती, पाच जणांना मुडदूस होता. सगळी चांगली वाढली.

आता ही बाळं कोणाची? नोंदी वाचताना मी इथे अडखळले. कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींची, किंवा गरीब विधवांची. ज्यांना ती सांभाळणं शक्य नव्हतं, त्यांची. कोणी सहा महिने, कोणी साडेचार वर्षं त्या वॉर्डात वाढली. आज असा प्रयोग कोणी करूच देणार नाही. आणि एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. त्या जेवणात रुसणारी आई नव्हती, घास चुकवून पळण्याची गंमत नव्हती, आजोबांचं "माझ्यासाठी एकच" नव्हतं. भूक अगदी निखळ मोजली गेली, कारण तिच्याभोवती माणसंच नव्हती. आपल्या घरात घास म्हणजे नुसता घास नसतोच ना. नाकारलेली वाटी आईला स्वतःचा अपमान वाटते आणि सासूला पुरावा!

बहुतेकांनी या प्रयोगातून एवढंच उचललं, की मुलाला शहाणपण असतं, त्याला सोडून द्या. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ च्या गाजलेल्या पुस्तकातून हा विचार घराघरांत गेला. पण खुद्द डेव्हिसबाईंनी १९३९ मध्ये निष्कर्ष मांडताना मोकळेपणाने सांगून टाकलं, की यातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे. समोर सगळं सकसच ठेवल्यावर कसंही निवडलं तरी फार चुकत नाही. निकृष्ट पदार्थांतून निवडायला सांगितलं तर त्या निवडीला किंमत नाही. म्हणजे काय मांडायचं हे मोठ्यांचं काम, ते मुलावर टाकलेलंच नाही.

पुढे १९९१ मध्ये लिअन बर्च आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं खाणं मोजलं. एकेका जेवणातलं खाणं सुमारे तीस-पस्तीस टक्क्यांनी वरखाली होत होतं, पण दिवसाची बेरीज जेमतेम दहा टक्क्यांनी. दुपारी उपाशी, संध्याकाळी भरपाई. याच सुमारास एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी मांडली. काय, केव्हा, कुठे हे पालकांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ही वाटणी आज बरेच डॉक्टर सांगतात.

आपल्याकडे मात्र हे जसंच्या तसं सांगताना जीभ अडखळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ११ टक्क्यांनाच पुरेसा आहार मिळत होता, आणि पाच वर्षांखालची सुमारे ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोह कमी पडलं की भूकच मरते. हा नखरा नव्हे. दिवसभर दुधाच्या बाटलीवर असलेल्या सुखवस्तू घरातल्या मुलाचंही हेच होऊ शकतं. वजन वाढेनासं झालं, मूल फिकट दिसायला लागलं, मलूल पडून राहिलं, की 'खाईल भूक लागल्यावर' म्हणून थांबायचं नसतं. तिथे डॉक्टरच हवेत. (शेजारणीने सुचवलेलं भूक वाढवण्याचं सिरप नव्हे. त्यातलं नेहमीचं एक औषध मुळात ॲलर्जीवरचं आहे.)

डेव्हिसबाईंच्या मनात आणखी एक प्रयोग होता. पुन्हा नुकतंच दूध सोडवलेली बाळं घ्यायची, पण या वेळी ताटात कारखान्यात प्रक्रिया झालेले पदार्थही ठेवायचे आणि बाळं काय उचलतात ते बघायचं. पण आर्थिक मंदी आली, पैसा आटला, आणि तो प्रयोग झालाच नाही.