लाकूडतोड्यांचे तिकीट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात हिवाळाभर लाकूडतोड्यांच्या छावण्या पडत असत. कुऱ्हाड निसटणे, ओंडका अंगावर कोसळणे, थंडीने बोटे निकामी होणे हे तेथे नित्याचेच. घरदार दूर आणि गाठीला पैसा नाही, अशी त्या माणसांची स्थिती. डुलूथ या बंदराच्या गावी बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी १८८८ साली सेंट मेरीज रुग्णालय उघडले होते. या भगिनी बर्फ तुडवीत छावण्यांत जात आणि कामगारांना रुग्णालयाची तिकिटे विकत. तिकीट घेतलेला माणूस पुढे आजारी पडला वा जायबंदी झाला, तर त्या तिकिटावर त्याची शुश्रूषा होई. जो धडधाकट राही, त्याचे पैसे जखमी सोबत्याच्या कामी येत. ज्या आरोग्यविम्याने आज अनेक अमेरिकन कुटुंबांची झोप उडवली आहे, त्याच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे हे तिकीट.

पुढचा टप्पा टेक्सासमधील डॅलस शहरातला. १९२९ साली तेथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल यांच्याकडे होता. ते पूर्वी शहराच्या शाळांचे प्रमुख अधिकारी होते. थकलेल्या बिलांच्या वह्या चाळताना त्यांना आपल्याच शिक्षकांची नावे दिसू लागली. त्यांनी योजना आखली : शिक्षकाने दरमहा ५० सेंट द्यावेत, त्याबदल्यात त्याला वर्षाला २१ दिवस रुग्णालयात उपचार मिळावेत. ब्ल्यू क्रॉस योजनांचा उगम हा. शिक्षकांची सोय झाली, आणि रुग्णालयाचीही वसुली निश्चित झाली. ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही; तिचे फळ पुढे दिसते.

दुसऱ्या महायुद्धाने या व्यवस्थेला भलतेच वळण दिले. १९४२ च्या कायद्याने सरकारने वेतनवाढ रोखली. कामगार टिकवायचे कसे? कारखानदारांनी पगाराऐवजी विम्याचे हप्ते भरायला सुरुवात केली, कारण त्यावर बंदी नव्हती. १९५४ साली या हप्त्यांची करमुक्ती कायद्याने पक्की झाली. अशा रीतीने विमा नोकरीला बांधला गेला. हे कोणी विचारपूर्वक ठरविले नव्हते. युद्धकाळातली तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. परिणाम मात्र विलक्षण झाला : आजारपणामुळे ज्याची नोकरी जाते, त्याचा विमाही नेमका तेव्हाच जातो.

याला पर्याय सुचविला गेला नव्हता असे नाही. १९१९ साली अमेरिकेतील बिशपांच्या वतीने सामाजिक पुनर्रचनेचा एक कार्यक्रम प्रसिद्ध झाला. त्याचा मसुदा फादर जॉन रायन यांचा. आजार, बेकारी, वार्धक्य यांसाठी सार्वत्रिक विमा हवा, अशी मागणी त्यात होती. (आमच्या सेमिनरीत तेराव्या लिओंच्या परिपत्रकावर तासन्तास चर्चा होई, रायन यांचे नाव मात्र मला पुढे स्वतंत्र वाचनातच भेटले.) १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने 'समाजवादी वैद्यक' म्हणून काहूर उठविले. सक्तीच्या सरकारी विम्याला विरोध करणाऱ्यांत कॅथोलिक रुग्णालयांची संघटनाही होती, हे नमूद करणे भाग आहे. सरकारी नियंत्रणाची त्यांची भीती समजू शकते. परंतु रायन यांच्या मसुद्याचा विसर फार लवकर पडला.

१९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड आले. २०१० च्या कायद्याने आणखी कोट्यवधींना विमा मिळाला. त्या वेळी गर्भपाताच्या खर्चाच्या प्रश्नावरून बिशपांच्या परिषदेने विधेयकाला विरोध केला, तर कॅथोलिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहन यांनी पाठिंबा दिला. तरीही सर्वांना संरक्षण लाभले नाही. आणि विमा असूनही सुरुवातीचे हजारो डॉलर रुग्णालाच भरावे लागतात असे प्रकार पुष्कळ. २०२२ साली एका सरकारी संस्थेने मोजले, तेव्हा नागरिकांच्या पतनोंदींवर ८८ अब्ज डॉलरचे वैद्यकीय कर्ज आढळले.

आता मदर जोझेफ यांच्याविषयी. क्वेबेकमधील गाडी बनविणाऱ्या कारागिराची ही मुलगी सुतारकाम जाणणारी होती. १८५६ साली चार भगिनींसह ती आजच्या वॉशिंग्टन राज्यात पोहोचली, आणि १८५८ मध्ये त्यांनी तेथे रुग्णालय सुरू केले. पैसा संपला की मदर घोड्यावर बसून खाणकामगारांच्या वस्त्यांत भिक्षा मागत हिंडे. तिच्या संघाच्या परंपरेतूनच आजची प्रॉव्हिडन्स ही प्रचंड रुग्णालयसंस्था वाढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या महान्यायवाद्यांनी या संस्थेवर दावा लावला. मोफत वा सवलतीच्या उपचारांना पात्र असलेल्या गरीब रुग्णांकडे पैशांसाठी तगादा लावला, हजारोंची नावे वसुली करणाऱ्यांच्या हाती दिली, असा आरोप होता. २०२४ साली समझोता झाला. २ कोटी ६ लाख डॉलर रुग्णांना परत करायचे व १३ कोटी ७२ लाखांचे कर्ज माफ करायचे असे ठरले. लाभार्थी रुग्ण ९९ हजारांहून अधिक होते.

हा दावा लावणाऱ्या राज्यानेच १९८० साली आपली प्रतिनिधी म्हणून मदर जोझेफ यांचा पुतळा राजधानीतील संसदभवनाला भेट दिला होता. पुतळ्यातील मदर गुडघे टेकून प्रार्थना करीत आहेत.