बाहीवरचा वाघ

नव्या ठिकाणी सामान उघडलं की मी आधी एक जुनी फाइल शोधतो. जबलपूरलाही तेच केलं. तिच्यात माझा कापडी संग्रह आहे: आपली जुनी फॉर्मेशन साइन्स आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गणवेशांवरची काही चिन्हं. "सरकारनं अंगावर लावायला एवढं दिलंय, ते पुरत नाही का?" असं मिसेस दर बदलीला विचारते.

त्यातला एक तुकडा ढालीच्या आकाराचा आहे. केशरी, पांढरा, हिरवा पट्टा, चरख्याच्या जागी झेपावणारा वाघ आणि वर जर्मनमध्ये 'फ्रायेस इंडिएन', म्हणजे स्वतंत्र भारत. जर्मन सैन्याच्या ९५० व्या रेजिमेंटचा, आपण जिला आझाद हिंद लीजन म्हणतो तिचा, हा बिल्ला. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून नेताजींनी ती उभी केली.

मी कॅप्टन असताना तो अस्सल समजून घेतला, तेव्हाच्या पगाराच्या मानानं भलत्याच किमतीला. पुढे एका जाणकारानं त्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च धरला आणि बिल्ला आकाशकंदिलासारखा उजळला. युद्धानंतरच्या धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात, ती अशी दिसतात. आजच्या डिटर्जंटमध्येही ती असतात, त्यामुळे धुतलेला अस्सल बिल्लाही फसवू शकतो. म्हणून मागची बाजू पाहायची, आजी पैठणीचा पदर उलटून पाहायची तशी. अस्सल बिल्ले दोन तऱ्हांचे, यंत्रावर विणलेले आणि छापलेले. माझा विणलेल्याची नक्कल निघाला. शिवलेल्या बिल्ल्याला बाजारात कोऱ्यापेक्षा कमी भाव येतो. मला मात्र शिवणीची भोकं हवी असतात. तो कुणाच्या तरी दंडावर होता, एवढं तरी त्यांवरून कळतं.

आणि त्या दंडावाल्याचा विचार केला की अडायला होतं. जर्मन गणवेशात उजव्या छातीवर नाझी स्वस्तिक धरलेला गरुड असायचा आणि त्याच बाजूच्या बाहीवर हा वाघ. ऑगस्ट १९४२ मध्ये या जवानांनी शपथ घेतली, ती भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात हिटलरची आज्ञा पाळण्याची. त्या लढ्याचे नेते म्हणून शपथेत सुभाषबाबूंचं नाव होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी पाणबुडीनं पूर्वेकडे निघाले आणि लीजन मागे राहिली. आधी हॉलंड, मग फ्रान्सचा अटलांटिक किनारा. ऑगस्ट १९४४ मध्ये तर तिला वाफेन एसएसमध्ये घातलं. फ्रान्समधून माघार घेताना तिच्यातल्या काहींवर अत्याचारांचे आरोपही झाले. तेही सांगायला हवं.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, त्याच काळात इटलीत होते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला जिथे पडले, ती आघाडी. समोर हाच जर्मन गणवेश. आजोबांनीही कधीकाळी शपथ घेतली होती, इंग्रजांच्या राजाची. कसम परेडला संविधानावर हात ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला दोघांपैकी कुणाचा न्याय करायचा अधिकार आहे, असं मला वाटत नाही.

जबलपूरला हे जास्तच जाणवतं. १९३२ मध्ये कल्याणला अटक झाल्यावर सुभाषबाबूंना आधी सिवनीच्या आणि मग इथल्या तुरुंगात ठेवलं होतं. आज त्या तुरुंगाला त्यांचंच नाव आहे. १९३९ चं त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन, ते तापानं फणफणलेले असताना झालं, तेही इथून जवळच. आणि २७ फेब्रुवारी १९४६ ला इथल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे जवान बराकींतून घोषणा देत बाहेर पडले. उठावात सुमारे १,७०० जण होते. पगार, जेवण, गोऱ्यांची वागणूक या तक्रारी होत्याच, शिवाय आझाद हिंद फौजेवरच्या खटल्यांचा रागही होता. इंग्रजी गणवेशातल्याच या पोरांपैकी कित्येकांनी नोकरी गमावली, काही तुरुंगात गेले. त्यांच्या बाहीवर वाघ नव्हता, त्यामुळे संग्राहकांच्या यादीत ते नाहीत.

परवा युनिटमधल्या एका लेफ्टनंटनं फाइल चाळताना विचारलं, "सर, हा आपला की त्यांचा?" मी म्हटलं, "हा नकली आहे." तो हसला, पण उत्तराची वाट पाहत तिथेच उभा राहिला.

रात्री तो बिल्ला जर्मन पानावरून काढला. आपल्या पानावरही लावला नाही. मध्ये एक कोरं पान घातलं, त्यावर ठेवला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: नक्कल, जबलपूर.